पाचेचे पान

स्पेनमधल्या कार्मोना गावात मी ज्या घरी उतरले होते, त्या घराच्या मालकीणबाईंनी तिसऱ्या दिवशी सकाळी मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. मे महिना संपत आला होता. अंगणात, म्हणजे चारी बाजूंनी घर आणि मध्ये आकाशाचा चौकोन अशा त्यांच्या पातियोत, आम्ही दोघी भाजलेल्या पावावर टोमॅटोचा कीस आणि ऑलिव्हचे तेल घालून खात बसलो होतो. बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या असाव्यात. मी भारतातून आले आहे हे कळल्यापासून त्यांच्या मनात काहीतरी घोळत होते. त्यांनी हात पुसले, खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या तोडक्या स्पॅनिशला झेपेल अशा संथ लयीत म्हणाल्या, "मुली, आमच्या गावात जमिनीखाली एक बाई सापडली. तिच्याजवळ अत्तराची कुपी होती, आणि त्या अत्तरात तुमच्याकडचे पाचुली होते. बाटलीतला पाचुलीचा वास मला ठाऊक आहे. कुणी स्वस्तातले सेंट अंगावर ओतून आले की आम्ही नाक मुरडून त्याचेच नाव घेतो. पण पानाचा वास कसा असतो? ताज्या पानाचा?"

पाचुली म्हणजे आपली पाच. ज्या तमिळ शब्दांवरून हे नाव युरोपात गेले, त्यांचा अर्थ 'हिरवे पान' एवढाच आहे. आपण त्यातले पान सोडून दिले आणि हिरवा रंग तेवढा ठेवला, तोही रत्नाला आणि झाडाला एकाच नावाने. अबोलीच्या वळेसरात मधूनमधून पाचेची पाने गुंफणाऱ्या आजीच्या मांडीला टेकून मी लहानाची मोठी झाले. तरीही त्या सकाळी बाईंना सांगायला माझ्याजवळ वाक्य नव्हते. शब्द स्पॅनिशमध्ये सापडत नाहीत अशी मी आधी स्वतःची समजूत घातली. मग मनातल्या मनात मराठीत प्रयत्न केला, आणि तिथेही हाताला काही लागेना. "छान असतो," एवढे म्हणून मी गप्प बसले. बाईंनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि माझे तर मुळीच नाही.

भाची सेव्हिलला शिकते. तिची परीक्षा होती, घरात माझी लुडबुड नको म्हणून मी चार दिवसांसाठी एकटीच कार्मोनाला आले होते. सेव्हिलपासून पूर्वेला जेमतेम तीस किलोमीटर. सपाट मैदानातून एक लांबट डोंगरधार वर येते आणि तिच्या टोकाला हे गाव बसलेले आहे. पूर्वेकडच्या कड्यावर उभे राहिले की खाली नजर पोहोचेल तिथवर शेते दिसतात. पिकून पिवळा झालेला गहू, नुकतीच मान वर काढणारी सूर्यफुले, आणि या सगळ्यावर दुपारी स्थिर होऊन राहिलेले असे ऊन की डोळे आपोआप बारीक होतात. डोंगराचा दगडही पिवळाच. कधीकाळी समुद्राच्या तळाशी साचलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याचा तो दगड आहे. बोटाने घासला तर भरड रव्यासारखा हाताला लागतो. वेशीचे बुरूज याच दगडाचे, चर्चच्या भिंती याच दगडाच्या, आणि गावाबाहेरची रोमन थडगी तर याच दगडात खोल कोरून काढलेली. गाव डोंगरावर बांधले, की डोंगरच आतून पोखरून त्याचे गाव केले, असा संभ्रम पडावा इतके दोन्ही एकजीव झालेले आहे.

पश्चिमेकडून गावात शिरताना सेव्हिलची वेस लागते. तिच्या पोटात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या लोकांनी रोमनांशी लढताना उभारलेला बुरूज आहे, त्यावर रोमनांचे काम, त्यावर मूर, म्हणजे मुसलमान, राजवटीतले, त्यावर ख्रिस्ती राजांचे. इसवी सनापूर्वी 49 मध्ये रोमच्या यादवीत इथल्या नागरिकांनी आपल्या गढीत बसवलेल्या तीन तुकड्या स्वतःच हाकलून दिल्या आणि दरवाजे लावून घेतले. ज्याच्या पथ्यावर हे पडले त्या सीझरने आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे की या प्रांतातले सर्वांत बळकट गाव म्हणजे हेच. मी त्या वेशीच्या सावलीत अर्धा तास बसले असेन. एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन आत गेले. शाळेतली दोन मुले चेंडू भिंतीवर आपटत बाहेर आली. एका तरुणीने बाबागाडी दगडी उंबऱ्यावरून अलगद उचलून पुढे नेली आणि ती उचलण्याची तिची रोजची सवय मला स्पष्ट दिसली. दोन हजार वर्षांहून जुन्या दाराची अशी रोजची वहिवाट पाहिल्यावर माझ्या मनात आदर दाटला आणि त्याच्या मागोमाग थोडा हेवाही आला. हेवा का, ते तेव्हा उमगले नाही.

मोठ्या चर्चला लागून संत्र्याच्या झाडांचे अंगण आहे. तिथे पूर्वी मशीद होती. 1247 मध्ये कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो याच्या हाती गाव आले आणि पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत मशिदीच्या जागी चर्च उभे राहिले, पण अंगण मशिदीचेच राहिले. नालाच्या आकाराच्या त्या कमानी, मधली मोकळी जागा, कडेची झाडे. त्या कमानींना पेलणाऱ्या खांबांपैकी एका खांबावर लॅटिनमध्ये एक पंचांग कोरलेले आहे. मशिदीच्याही आधीचे, इथे तेव्हा राज्य करणाऱ्या ख्रिस्ती व्हिसिगॉथांच्या काळातले, सहाव्या-सातव्या शतकांतले. कोणत्या तिथीला कोणत्या संताचा सण, याची ती नोंद आहे. नाताळापासून ती सुरू होते आणि 24 जूनला, संत योहानाच्या दिवशी, थांबते. उरलेले अर्धे वर्ष त्या खांबावर नाही. मी अक्षरांवरून नजर फिरवत होते, तेव्हा शेजारी एक मुलगी आईला विचारत होती, "माझा वाढदिवस यात आहे का?" आईने तारखा मोजून पाहिल्या आणि नाही म्हणून सांगितले. मुलीचा चेहरा पडला. तिचा जन्म पंचांगाच्या हरवलेल्या अर्ध्या भागात झालेला असावा.

ख्रिस्ती सण कोरलेला खांब मशीद बांधणाऱ्यांनी तसाच उभा केला, आणि मशिदीचे अंगण चर्च बांधणाऱ्यांनी तसेच राहू दिले. यात औदार्य किती आणि काटकसर किती, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. आयता मिळालेला चांगला खांब कोण टाकून देईल? पण कारण काही असो, पुसून टाकणे सोपे असताना ती अक्षरे राहिली. त्या अंगणात बसून मला माणसांबद्दल बरे वाटले, एवढे मात्र खरे.

गावाच्या सगळ्यांत उंच टोकाला मात्र बरे वाटत नाही. तिथे राजा पेद्रोचा किल्ला आहे. कुणी त्याला क्रूर म्हणतात, कुणी न्यायी. किल्ल्याचा बराचसा भाग ढासळलेला आहे आणि आत आता सरकारी हॉटेल आहे. 1369 मध्ये पेद्रोला त्याचा सावत्र भाऊ एन्रिके याने मारले आणि तो स्वतः राजा झाला. पेद्रोचा एकनिष्ठ सरदार मार्तीन लोपेस दे कोर्दोबा याने मृत राजाच्या मुलांना घेऊन कार्मोनात आसरा घेतला आणि वेढ्यात पुढची दोन वर्षे गाव लढवले. 1371 मध्ये नव्या राजाने अभयाचे वचन दिले, तेव्हा दरवाजे उघडले. वचन मोडले गेले, सरदाराचा सेव्हिलमध्ये शिरच्छेद झाला आणि त्याच्या कुटुंबाची रवानगी तिथल्या जहाजांच्या कारखान्यातल्या तुरुंगात झाली. त्यात त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी लेओनोर होती.

या लेओनोरने पुढे प्रौढ वयात आपली हकीकत सांगून लिहवून घेतली. स्पॅनिश भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मकथनांत तिची गणना होते. ती मोजकी पाने मी भाचीच्या मदतीने वाचली होती, म्हणून किल्ल्यावरून खाली पाहताना ती मुलगीच मला आठवत राहिली. तुरुंगात साथ आली आणि तिची भावंडे एकामागून एक गेली. तेरा वर्षांच्या भावाबद्दल ती सांगते, की तो फार देखणा होता, आणि निदान मरण्याआधी त्याच्या पायांतल्या बेड्या काढा एवढी विनवणी केली तरी ती ऐकली गेली नाही. 1379 मध्ये एन्रिके मेला तेव्हा कुठे तिची सुटका झाली. हॉटेलच्या गच्चीवर लोक थंड पेये घेऊन मावळतीचा उजेड पाहत होते. मीही पाहिला, तो सुंदरच होता. फक्त खालच्या शेतांवर वेढा घालून बसलेल्या सैन्याच्या राहुट्या त्या लहान मुलीला याच कड्यावरून दिसत असतील, हा विचार त्या उजेडातून बाजूला सरेना.

बाईंनी विचारलेला प्रश्न सोबत होताच.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर निघून मी गावाबाहेरच्या रोमन दफनभूमीत गेले. तिची कथा मला आवडते. जॉर्ज बॉन्सर नावाचा एक तरुण चित्रकार, बाप इंग्रज आणि जन्म फ्रान्समधला, चित्रे काढत हिंडता हिंडता इथे आला आणि इथलाच झाला. गावातले औषधविक्रेते हुआन फेर्नांदेस लोपेस यांच्यासोबत त्याने 1881 मध्ये थडग्यांची ही जमीन विकत घेतली, उत्खनन केले आणि 1885 मध्ये ती लोकांना पाहण्यासाठी खुली केली. सरकारने नेमले नव्हते, मोबदला ठरला नव्हता. चित्रकार आणि औषधवाला दोघांनी पदरमोड करून मेलेल्यांची घरे जपली. हो, घरेच. खडकात कोरलेल्या पायऱ्या उतरून खाली गेले की खोल्या लागतात, भिंतीत कलश ठेवण्याचे कोनाडे आणि मेजवानीसाठी तीन बाजूंनी कोरलेली बैठक. श्राद्धाच्या दिवशी नातेवाईक इथे येऊन जेवत असत. एका थडग्यात तर स्वयंपाकाची जागा आणि विहीरही आहे, आणि तिथेच एक दगडी हत्ती सापडला.

हा हत्ती लहानसा आहे. कान झिजलेले, पाठ गुळगुळीत. त्याला पाहिल्याबरोबर मला गावाकडच्या देवळाच्या पायरीपाशी असलेल्या हत्तीची आठवण झाली, आणि मनात म्हटले, हा इकडे कसा? पूर्वेकडून आलेल्या देवतांच्या उपासनेशी तो जोडलेला असावा असे अभ्यासक म्हणतात. खालच्या गारव्यात, ओलसर दगडाच्या वासात, मी त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. वर ऊन रणरणत होते, आणि इथे कोरलेल्या बैठकीवर हात ठेवला तर माठाला हात लावावा तसे गार लागत होते.

बाईंनी सांगितलेली बाई या आवारातली नव्हे, पण याच पश्चिमेकडच्या भागातली. 2019 मध्ये एका कुटुंबाने आपल्या घराचे काम काढले आणि खणताना जमिनीखाली न फोडलेले, न लुटलेले थडगे लागले. आठ कोनाडे, त्यांपैकी सहांत कलश. तीन स्त्रिया, तीन पुरुष. एका पुरुषाच्या काचेच्या कलशात अस्थींबरोबर सोन्याची अंगठी होती आणि पाच लिटरच्या आसपास लालसर द्रव होता. तो द्रव म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ओतलेली पांढरी वाइन, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठरले आणि जगभर त्याची बातमी झाली. द्रवरूपात टिकलेली इतकी जुनी वाइन दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. स्त्रियांच्या कलशांत वाइन नव्हती, ती पुरुषांच्या वाट्याची. पण त्यातल्या एकीच्या, तीस ते चाळीस वर्षांच्या बाईच्या, कलशात कापडी पिशवीचे अवशेष होते. त्यात अंबराचे, म्हणजे दगड झालेल्या राळेचे, तीन मणी आणि स्फटिकात कोरलेली एक कुपी. कुपीला दगडाचे बूच आणि ते डांबराने बंद केलेले. आत जे होते ते सुकून घट्ट झाले होते, पण उडून गेले नव्हते. कोर्दोबा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा कण तपासला, तेव्हा त्यात वनस्पतीचे तेल आणि पाचेचा अर्क आढळला. हे 2023 मधले. रोमन लोक पाच वापरत असत, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हते.

हे मी आधी वाचले होते. वाचताना अभिमानही वाटला होता, आपल्याकडचे काही दूरदेशी सापडले की वाटतो तसा. त्या काळात मोसमी वाऱ्यावर रोमन व्यापाऱ्यांची जहाजे भडोच, सोपारा, कल्याण, चौल अशा बंदरांत येत असत. भारतातल्या मालापायी दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने करून ठेवली आहे. पण त्या खडकातल्या गार खोलीत हत्तीसमोर उभी असताना अभिमान कुठच्या कुठे गेला. डोळ्यांसमोर फक्त एक बाई आली. कुणीतरी, बहिणीने, मुलीने, नवऱ्याने, तिची आवडती कुपी उचलली, बूच घट्ट आहे ना ते पाहिले, वास उडू नये म्हणून त्यावर डांबर लावले आणि पिशवीत घालून तिच्या अस्थींजवळ ठेवले. त्या हातांना वास राखायचा होता. इतका जपून, की तो खरोखरच राहिला.

आणि हेवा कशाचा वाटला होता ते मला तिथे कळले.

आमच्या आजीच्या घराच्या मागे विहीर होती आणि विहिरीपासून न्हाणीपर्यंत जाणाऱ्या पाटाच्या कडेला पाचेचा ताटवा होता. सावलीत आणि सदा ओलसर जमिनीत ती माजायची. गुडघ्याएवढी उंची, कातरलेल्या कडांची रुंद पाने, हाताला मऊ केसाळ लागणारी. आजी थोडी वेणीसाठी खुडायची आणि बाकीची सावलीत वाळवून ट्रंकेत शालूच्या घड्यांमध्ये घालायची, कसर लागू नये म्हणून. काश्मिरी शालींमध्येही व्यापारी अशीच पाने घालत आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकांना हा वास शालींबरोबरच आवडू लागला, हे मी फार पुढे वाचले. आजी गेल्यावर काही वर्षांनी आम्ही भावंडांनी घर दुरुस्त केले. मागच्या बाजूला नवे बाथरूम हवे होते. पाट बुजवला, जमिनीवर कोबा केला. पाचेचे काय करायचे, असे गवंड्याने विचारले होते. मीच तिथे उभी होते, आणि "काढून टाका" असे मीच म्हटले होते. त्या वेळी त्यात काही चुकते आहे असे वाटलेसुद्धा नाही. ट्रंक कुणाकडे गेली, तेही मला आज सांगता येत नाही.

दुपारी घरी परतले तेव्हा बाईंनी पालक आणि छोले एकत्र शिजवून ठेवले होते. हा या गावचा आवडता पदार्थ. त्यात जिरे, लसूण, तळलेल्या पावाचे वाटण. जिऱ्याच्या वासाने मला एकदम घरच्यासारखे झाले, आणि मी त्यांना खरे ते सांगून टाकले, की पाच आमच्या दारात होती, ती मी काढून टाकली, आणि आता मला तिचा वास आठवत नाही. बाई काही क्षण बोलल्या नाहीत. मग माझ्या ताटलीत आणखी एक डाव वाढत म्हणाल्या, "माझ्या सासूच्या जाईचा वेल मी काढला. मोटार ठेवायला जागा हवी होती." त्यांनी अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे मोटार नव्हती. कुंड्यांमध्ये लाल जिरॅनियम होते आणि भिंतीवर वेल चढवायचे जुने खिळे होते. निघताना त्यांनी सांता क्लारा मठातल्या जोगिणींनी केलेल्या मिठाईचे खोके हातात दिले आणि म्हणाल्या, "वास आठवला तर लिही."

जुलैत मी कोकणात गेले. आमच्या आवारात काही नव्हते, ते ठाऊकच होते. शेजारच्या काकूंकडे चौकशी केली, तर त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या आजीनेच तर फांद्या दिल्या होत्या. चल दाखवते." त्यांच्या गोठ्यामागे, पागोळ्यांचे पाणी साठते तिथे, तीन रोपे उभी होती. पाऊस नुकताच उघडला होता. मी वाकून वास घेतला, तर आधी फक्त चिखल आणि शेण. काकू म्हणाल्या, "तशी नाही येत ती. चुरगळावी लागते. आणि वाळली की खरी." मी एक पान तोडून तळहातावर चोळले. दोन पाने रुमालात बांधून पुण्याला आणली, पुस्तकात ठेवून वाळवली, आणि आठ दिवसांनी शब्दकोश घेऊन पत्र लिहायला बसले. पान पाठवायचा मोह झाला, पण असा पाला टपालाने परदेशी धाडता येत नाही असे कळले, म्हणून वासच लिहिला.

सेन्योरा, असा असतो. ताजे पान नुसते हुंगले तर काहीच येत नाही. चोळले की आधी हिरवा, किंचित कडसर वास येतो, टोमॅटोच्या देठाला हात लावल्यावर येतो तसा. मग हळूहळू पावसाने भिजलेल्या जमिनीचा. वाळल्यावर कडसरपणा जातो आणि जमीन तेवढी राहते, आणि तिच्या मागे काहीतरी गोडसर, जुन्या लाकडी पेटीच्या तळाशी असते तसे. तुमच्या गावातल्या थडग्यांच्या पायऱ्या उतरताना शेवटच्या पायरीवर जो गारवा नाकाला लागतो, त्याच्या पुष्कळ जवळचा. हात धुतले तरी बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो. हे लिहिताना तो माझ्या बोटांना आहे.